काकांना अमेरिकेतून कीर्तनाचं बोलावणं आलंय, व्हिसा कोणता काढावा?

गेवराईकर

राम कृष्ण हरी मंडळी.

आमचे काका कीर्तनकार आहेत. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं शिकले आणि तेव्हापासून बीड, जालना, परभणी भागातल्या सप्त्यांमध्ये सेवा करतात. अमेरिकेतल्या एका मंदिराने त्यांना बोलावलंय. चातुर्मासात कीर्तन, ज्ञानेश्वरीवर प्रवचनं आणि तिथल्या लेकरांना हरिपाठ शिकवणं असं काम आहे. राहणं-खाणं, तिकीट मंदिराचं आणि दरमहा मानधन. सगळं जमलं तर पुढे दोन-अडीच वर्षं राहावं अशीही त्यांची इच्छा आहे.

इथल्या एका एजंटाने सांगितलं, "टुरिस्ट व्हिसा काढून देतो. मुलाखतीत फक्त 'नातेवाइकाकडे फिरायला चाललो' म्हणायचं. कीर्तनाचं नाव काढायचं नाही." पैसेही बरेच मागितले. काका ऐकून गप्प बसले आणि मग म्हणाले, "पांडुरंगाचं नाव घ्यायला चाललो अन् दारातच खोटं बोलू का रे?"

ज्यांना खरी माहिती आहे त्यांनी कृपया सांगा. आमच्या घरातून आजवर कोणी परदेशात गेलेलं नाही.

जर्सीतली_तुळस

गेवराईकर, काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, तेच धरून चला. मी मूळची अंबाजोगाईची. इथे न्यू जर्सीत एका मंदिराच्या कागदपत्रांचं काम सेवा म्हणून बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एकाच मंदिरात राहून नेमून दिलेलं धार्मिक काम आणि त्यासाठी मानधन, असं असेल तर अमेरिकेत त्यासाठी आर-१ हा धार्मिक कार्यकर्त्यांचा व्हिसा आहे. त्याची पहिली पायरी मंदिराने चढायची असते. मंदिर आय-१२९ हा अर्ज यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे भरतं, त्याला सगळे 'पिटिशन' म्हणतात. ती मंजूर झाली की मगच काकांनी डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, २०५ डॉलर फी भरायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला जायचं. पिटिशन भरणं हे तिथल्या मंदिराचं किंवा त्यांनी नेमलेल्या वकिलाचं काम आहे. गेवराईतल्या एजंटाला त्यात काहीच करता येत नाही, मग तो पैसे कशाचे मागतोय ते त्याला विचारा.

मंदिराला दाखवावं लागतं की ती खरी धार्मिक संस्था आहे आणि तिला आयआरएस या कर खात्याचं ५०१(सी)(३) करमाफीचं पत्र आहे. सभासद किती, पगारी माणसं किती, गेल्या पाच वर्षांत आर व्हिसावर किती जणांना आणलं, काकांना काय काम देणार, आठवड्याला किती तास, मोबदला काय, हे सगळं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. काम आठवड्याला सरासरी २० तास तरी हवं. खात्याची माणसं मंदिरात येऊन प्रत्यक्ष पाहणीही करू शकतात. आमच्याकडे आली होती. बुवांची खोली कुठे, प्रवचन कधी असतं, पगार कसा देता, असं सगळं विचारून गेली.

काकांच्या बाजूने मुख्य अट एकच. अर्जाच्या आधीची सलग दोन वर्षं ते त्याच संप्रदायाचे असले पाहिजेत. काका तर जन्मापासून माळकरी असतील. पण ते कागदावर दाखवावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

सुरुवातीला जास्तीत जास्त ३० महिने मिळतात, पुढे आणखी ३०. एकूण पाच वर्षं.

गोदाकाठ

आमच्या पैठणचे एक महाराज फार पूर्वी गेले होते. तेव्हा असलं पिटिशन वगैरे काही नव्हतं. तिकडच्या मंडळींचं पत्र घेऊन थेट कॉन्सुलेटमध्ये गेले आणि व्हिसा घेऊन आले. मग आता कामून एवढी भानगड?

जर्सीतली_तुळस

गोदाकाठ, तुमचं खरं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नियम बदलला. त्याआधी आर-१ साठी थेट कॉन्सुलेटमध्ये अर्ज चालायचा. तेव्हापासून प्रत्येकाची पिटिशन आधी मंजूर व्हावी लागते. जुनी जाणती माणसं अजूनही "नुसतं पत्र पुरे" असं सांगतात ते त्यांच्या काळाला धरूनच, पण त्यावर आता तिकीट काढू नये.

कागदपत्री

वर टुरिस्ट व्हिसाचा विषय आलाय म्हणून लिहितो. मी व्हिसाच्या कागदपत्रांचं काम करतो, छत्रपती संभाजीनगरला.

मुलाखतीत येण्याचं कारण जाणूनबुजून खोटं सांगितलं आणि ते पकडलं गेलं, तर अमेरिकेचा कायदा त्याला चुकीची माहिती देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न मानतो. त्याचा परिणाम एका नकारापुरता राहत नाही. माणूस कायमचा अपात्र ठरतो, पुढे कधी जायचं तर खास सूट मागावी लागते. विमानतळावरचा अधिकारी फोन उघडायला लावू शकतो. त्यात मंदिराच्या कार्यक्रमाचं पत्रक सापडलं की संपलं. तिकडे तर काकांचा फोटो टाकून पत्रक आधीच फिरायला लागलेलं असतं! एजंटाचं काय जातं? त्याचे पैसे आधीच खिशात असतात. बेड्या नाही पडल्या तरी परतीच्या विमानात बसवलेल्या साठीच्या कीर्तनकाराला गावात तोंड दाखवणं किती जड जाईल, याचा विचार करा. माझ्याकडे असं परत आलेलं एक कुटुंब आलं होतं. मला काहीच करता आलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण "धार्मिक कामाला बी व्हिसा (थोड्या दिवसांच्या भेटीचा, टुरिस्ट व्हिसा त्यातलाच) चालतच नाही" हेही अर्धवट आहे. बी-१, म्हणजे कामानिमित्तच्या भेटीचा जो प्रकार आहे, त्यात काही धार्मिक कामं उघडपणे बसतात. एका देवस्थानात नेमणूक न घेता गावोगाव प्रवचनं करत फिरायचं आणि त्या त्या सभेत श्रोते जे अर्पण करतील त्यावर भागवायचं, असा दौरा चालतो. आपल्या संस्थेकडून पगार घेणारा धर्मगुरू तिथल्या धर्मगुरूच्या जागी थोडे दिवस सेवा द्यायला गेला आणि तिथून पगार घेतला नाही, तर तेही चालतं. संप्रदायाच्या वतीने विनामोबदला सेवाकार्य करायला जाता येतं. त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च यजमानाने दिला तर हरकत नाही, पण वस्तू विकायच्या नाहीत, देणग्या मागायच्या नाहीत किंवा घ्यायच्या नाहीत. यातलं काहीही असलं तरी मुलाखतीत तेच सांगायचं: "मी कीर्तनकार आहे, अमुक ठिकाणी कीर्तनं करायला चाललो आहे, पगार घेणार नाही."

तुमच्या काकांना दरमहा मानधन ठरलंय आणि मंदिर एकच आहे. त्यामुळे मला तरी आर-१ हाच सरळ रस्ता दिसतो.

मांजरातीर

कागदपत्री, थोडा वेगळा प्रश्न. माझा मोठा भाऊ लातूरला आचारी आहे, देवळांच्या महाप्रसादाची मोठी कामं करतो. त्याला एक मंदिर म्हणतंय, "आर-१ वर बोलावतो, प्रसादाचा स्वयंपाक कर." चालेल का?

कागदपत्री

मांजरातीर, नाही. नियमातच लिहिलंय की मुख्यतः देखभाल, साफसफाई, कारकुनी, निधी गोळा करणं असली कामं धार्मिक व्यवसायात धरत नाहीत. स्वयंपाकघरातलं पूर्णवेळ काम त्याच वळणाचं आहे. पूजा सांगणारा, प्रवचन देणारा, संप्रदायाचं शिक्षण देणारा माणूस असावा लागतो.

२०२१ मध्ये न्यू जर्सीत एका मंदिराच्या बाबतीत न्यायालयात दावा दाखल झाला होता. आर-१ वर आणलेल्या कामगारांकडून बांधकामाची कामं करून घेतली आणि मोबदला अगदी तुटपुंजा दिला, असा त्यात आरोप होता. तुमच्या भावाला कोणी "कागदावर पुजारी दाखवू" म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. कागदावर एक आणि हातात दुसरंच काम, अशा ठिकाणी गेलेल्या माणसाला तक्रार करायलाही तोंड उरत नाही. आणि कुठल्याही व्हिसावर जा, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा. "सांभाळून ठेवतो" म्हणणाऱ्या यजमानाच्या हातीसुद्धा द्यायचा नाही.

मांजरातीर

समजलं दादा. बरं झालं विचारलं. तो शेत गहाण टाकायला निघाला होता.

गोदाकाठ

कागदांबद्दल मी सांगू शकतो, कारण आमच्या गुरुबंधूंची फाईल आम्ही सगळ्यांनी बसून केली.

वारकरी संप्रदायात दीक्षेचं प्रमाणपत्र असं काही नसतं. माळ घातली, वारी धरली, झालं. तिकडच्या साहेबाला मात्र 'हा माणूस शिकलेला आणि मान्यता असलेला कीर्तनकार आहे' हे कशावरून कळणार? वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून आहे, तिथला अभ्यासक्रम ठरलेला आहे. तिथला दाखला असेल तर तो सगळ्यात वर ठेवा. हरवला असेल तर संस्थेकडे रीतसर मागणी करा. त्याच्याखाली गुरूंचं किंवा फडाच्या (वारकऱ्यांच्या परंपरागत मंडळाच्या) प्रमुखांचं पत्र, त्यात किती वर्षांपासून ओळखतात आणि काका नेमकी कोणती सेवा करतात ते.

मग सप्त्याच्या पत्रिका. आपण त्या वाचून टाकून देतो, पण त्यात तारीख, गाव, वेळ आणि कीर्तनकाराचं नाव छापलेलं असतं. यापेक्षा चांगला पुरावा कुठला? आम्ही गावोगाव फोन करून मागच्या सप्त्यांच्या पत्रिका जमा केल्या. एका गावात त्या भजनी मंडळाच्या पेटीत खाली घातलेल्या निघाल्या. त्यातल्या गेल्या दोन वर्षांच्या वेगळ्या काढा, पण जुन्याही जोडा. वर्तमानपत्रातल्या बातम्या, कीर्तनाचे फोटो, यूट्यूबवरच्या चित्रफितींची यादी हेही चालतं. ज्या देवस्थानांत काका नियमित सेवा करतात, त्यांच्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असू द्या.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं लिहून सही करायची. पत्रिकेतल्या 'काल्याचे कीर्तन', 'जागर', 'चालक' अशा शब्दांना एकेका ओळीचं स्पष्टीकरण द्या, नुसतं इंग्रजी अक्षरांत लिहून सोडू नका.

अडचण येते ती मानधनाची. आपल्याकडे पाकीट हातात देतात, नारळ देतात, बँकेत काहीच दिसत नाही. काकांनी आतापासून शक्य तेवढं खात्यावर घ्यावं आणि आयकर विवरणपत्र भरावं.

आणि नाव! पत्रिकेत 'ह. भ. प. अमुक महाराज गेवराईकर', पासपोर्टवर दुसरंच आडनाव, आधारवर वडिलांचं नाव मधे, शाळेच्या दाखल्यावर घरचं नाव. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पासपोर्ट नवा काढणार असाल तर नाव आणि आडनाव दोन्ही रकाने नीट भरा. सगळं एकाच रकान्यात गेलं की अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही') छापून येतं आणि मग तिकिटापासून बँकेपर्यंत सगळीकडे खुलासे करावे लागतात.

गेवराईकर

गोदाकाठ माउली, हे सोन्यासारखं आहे. आजच काकांच्या संदूकातल्या पत्रिका काढायला बसतो.

एक शंका. काका दहावीला बसलेच नव्हते. पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते अशी नोंद) येईल म्हणतात. त्याने अडेल का?

कागदपत्री

अमेरिकेसाठी नाही. ईसीआर पासपोर्टवाल्याला नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते ती ठरावीक १८ देशांसाठी. त्यात आखाती देश, मलेशिया वगैरे येतात. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा त्यात नाहीत.

आखाताचा विषय निघालाच आहे तर, तिकडे कोणी हौसेने घरगुती कीर्तन ठेवलं तरी आधी त्या देशाचा नियम विचारा. अमिरातीत परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं हाच गुन्हा आहे. सौदीत दुसऱ्या धर्मांच्या जाहीर उपासनेला मुभाच नाही.

जालनेकर

मी जालन्याचा, आमचं घर तीन पिढ्यांपासून चर्चचं. माझा मेहुणा पाळक आहे. त्याला इंग्लंडमधल्या भारतीय मंडळीने बोलावलं, त्यामुळे तिकडचं थोडं माहीत आहे. कीर्तनकारांनाही हेच लागू पडेल.

इंग्लंडमध्ये दोन वेगळे व्हिसे आहेत. पूर्णवेळ धर्मगुरू म्हणून, म्हणजे उपासना चालवणं, उपदेश करणं, लग्न-अंत्यविधी करणं, यासाठी 'मिनिस्टर ऑफ रिलिजन'. यात सुरुवातीला तीन वर्षं एक महिन्यापर्यंत राहता येतं. दुसरा 'रिलिजियस वर्कर', जास्तीत जास्त २४ महिन्यांचा, पण २०१९ पासून त्यावर मुख्य धर्मगुरूचं काम करता येत नाही. पहिल्यासाठी इंग्रजी बी-२ पातळीचं लागतं आणि तिथेच आमचे बरेच जण अडकतात. मेहुण्याने वर्षभर फक्त इंग्रजी लिहिण्या-बोलण्याचा सराव केला, मगच परीक्षा दिली. दोन्ही व्हिशांसाठी बोलावणाऱ्या संस्थेकडे गृहखात्याचा प्रायोजक परवाना असावा लागतो आणि ती प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र देते. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर क्षयरोगाची तपासणी त्यांच्या यादीतल्या दवाखान्यातच करून घ्यावी लागते. गावच्या एक्स-रेचा उपयोग नाही.

थोड्या दिवसांसाठी जायचं असेल तर त्यांच्या साध्या भेटीच्या व्हिशावर परदेशातला धर्मगुरू येऊन उपदेश करू शकतो, हे त्यांच्या नियमांत स्पष्ट आहे. अट एवढीच की त्याचं मूळ काम आपल्या देशात चालू असलं पाहिजे. तेही अर्जात लिहूनच.

नागसेनवन

जालनेकर, हे उपयोगी आहे. आमच्या विहारातल्या भन्तेंना लंडनला वर्षावासानंतर धम्मप्रवचनासाठी बोलावलंय, तीन आठवड्यांसाठी. म्हणजे भेटीचा व्हिसा आणि सोबत विहाराचं पत्र, बरोबर ना?

जालनेकर

बरोबर. तुमच्या विहाराचं पत्र की भन्ते इथले आहेत आणि परत येऊन अमुक जबाबदारी सांभाळणार, आणि तिकडच्या विहाराचं पत्र की कार्यक्रम कुठे, किती दिवस, खर्च कोणाचा. दोन्ही पत्रांतल्या तारखा जुळू द्या.

नांदेडचा_सेवादार

वाहेगुरूजी का खालसा. आमच्या नांदेडहून रागी जत्थे (गुरुबाणीचं कीर्तन करणारे गट) कॅनडाला बरेच जातात, म्हणून तिकडचं सांगतो.

कॅनडाच्या नियमांत कलम १८६ आहे. ज्याचं मुख्य काम धर्मोपदेश करणं, संगतीच्या धार्मिक सभांमधली सेवा चालवणं किंवा आध्यात्मिक मार्गदर्शन करणं असतं, त्याला वेगळा वर्क परमिट न काढता ते काम करता येतं. पण परमिट नको म्हणजे व्हिसा नको असं नाही. भारतीयांना व्हिसा काढावाच लागतो आणि अर्जात धार्मिक कामाचं कारण सरळ लिहावं लागतं. गुरुद्वाऱ्याचं पत्र, त्यांची नोंदणी, राहण्या-खाण्याची व्यवस्था आणि आपलं शिक्षण-अनुभव, हे सगळं सोबत.

आमच्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळतात. जत्थ्यातल्या तिघांचे अर्ज वेगवेगळे असले तरी तिघांच्या कागदांत कार्यक्रम एकसारखाच लिहिलेला असतो. एकाने 'कीर्तन' आणि दुसऱ्याने 'फिरायला' लिहिलं की तिघांचंही अडतं.

गेवराईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंदिराच्या विश्वस्तांशी बोललो. ते म्हणतात की पिटिशन भरायला तयार आहोत, पण यंदाच्या आषाढीपर्यंत जमेल असं वाटत नाही. शिवाय तिथल्या महाराष्ट्र मंडळानेही काकांना विचारलंय, त्यांच्या कार्यक्रमात मृदंग-टाळकऱ्यांसह दोन तासांचं कीर्तन करायला. मंडळ पिटिशन भरू शकेल का?

जर्सीतली_तुळस

महाराष्ट्र मंडळ ही सांस्कृतिक संस्था असते, धार्मिक नव्हे. करमाफी असली तरी आर-१ साठी धार्मिक संस्थाच लागते. मंडळाला काका आणि त्यांचे साथीदार कलावंत म्हणून बोलवायचे असतील तर पी-३ हा वेगळा व्हिसा आहे. एखाद्या समाजाची खास, पारंपरिक कला सादर करणाऱ्यांसाठी तो असतो. त्यालाही पिटिशन लागते आणि ती कला परंपरेची आहे याबद्दल जाणकारांची पत्रं लागतात. नारदीय किंवा वारकरी कीर्तनाबद्दल एखाद्या विद्यापीठातल्या अभ्यासकाचं पत्र मिळालं तर फार उपयोग होतो.

यंदाची घाई सोडा असंच मी म्हणेन. चातुर्मास दर वर्षी येतो. मंदिराची आधी कधी पाहणी झाली नसेल तर जादा फी भरून लवकर निकाल मिळवायची सोयही त्यांना मिळत नाही. शांतपणे फाईल करा, पुढच्या आषाढीचा अंदाज धरा.

मुलाखतीची काळजी काकांना वाटत असेल तर सांगा, मुंबईला मराठीतून बोलता येतं. काय करता, कोणी बोलावलं, तिथे काय करणार, किती मानधन. चार प्रश्न, चार खरी उत्तरं. रोज हजार माणसांसमोर उभा राहणारा माणूस खिडकीसमोर कशाला अडखळेल?

गेवराईकर

एजंटाला नाही म्हणून सांगितलं. काकांचे शेवटचे दोन प्रश्न आहेत, तेवढे सांगा. काकू सोबत येऊ शकतील का? आणि पंढरीची वारी त्यांनी आजवर चुकवलेली नाही. तिकडे गेल्यावर आषाढीला परत यायचं म्हटलं तर ते दिवस वाया जातात का?

कागदपत्री

काकूंना आर-२ मिळतो. नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं त्यात येतात. त्यावर नोकरी करता येत नाही, शिकता येतं. लग्नाचा नोंदणी दाखला लागेल. जुन्या लग्नांची नोंद बहुतेक नसते, म्हणून ग्रामपंचायतीत आजच चौकशी करा. त्याला वेळ लागतो.

वारीचं म्हणाल तर, पाच वर्षांच्या मुदतीत अमेरिकेबाहेर घालवलेले पूर्ण दिवस मोजायचे नाहीत अशी मागणी मुदतवाढीच्या वेळी करता येते. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवायचे. निघण्याआधी व्हिशाची मुदत आणि त्यावर पुन्हा प्रवेश करता येतो का, हे दोन्ही बघायचं. आणि मंदिराशी बोलतानाच ठरवून घ्या की ज्येष्ठ-आषाढात महाराज पंढरपूरला असतील. ते कामाच्या वेळापत्रकात लिहिलेलं असू द्या, म्हणजे पाहणीला कोणी आलं आणि काका मंदिरात दिसले नाहीत तर मंदिराला उत्तर देता येईल.